बॉनेटवर बर्फ टिकत नाही

न्यूनेन,
फेब्रुवारी २०२१

प्रिय अनिमेष,

तू मागितलेले गाडीचे कागद या लिफाफ्यात नाहीत. उद्या तू डबे न्यायला येशील तेव्हा मास्क लावून, हात लांब करून मी हा लिफाफा तुला देईन आणि म्हणेन, हे घे कागद. खोटं बोलायची मला सवय नाही, पण इथे इलाज नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझा फोन सारखा संहिताच्या हातात असतो. टपालाने पाठवावं तर दारातलं टपाल तीच उचलते. गाडीचे कागद मात्र ती उघडून बघणार नाही, इतका तिला त्या गाडीचा कंटाळा आहे. तर जावईबापू, एवढं कर. टिलबर्गला पोचलास की वर घरात जाण्याआधी तासावर भाड्याने मिळणाऱ्या त्या शेअरच्या गाडीतच बसून हे वाच. भूक लागली तर वरच्या डब्यात थालीपीठं आहेत.

आधी कामाचं सांगते. शनिवारी जुन्या गाड्या घेणारा तो माणूस येणार आहे, त्याला नको म्हणून कळव. डिसेंबरात मी फोनवर हो म्हटलं होतं, ते मी विसरलेले नाही. तू किती नीट समजावलं होतंस. गाडी तीस वर्षांची, डिझेलची, काही मोठ्या शहरांत तिला आता बंदी, धूर किती, टॅक्स किती, आणि आई, तुम्ही तर ती चालवतही नाही. सगळं खरं. मागून संहिता डचमध्ये काहीतरी म्हणत होती, म्हणजे ती वैतागली होती; मराठी तिला समजतं सगळं, पण वैतागायला डचच लागतं. मी हो म्हटलं कारण मला वाद नको होता, आणि कारण तेव्हा बाहेर थंडी पडलेली नव्हती. आता पडली आहे. गाडी मला हवी आहे, निदान तुमचं बाळ येईपर्यंत तरी. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे पुढचं मागे झालं तर सांभाळून घे.

मनोहरचं संध्याकाळचं काम तू पाहिलं आहेस. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तुम्ही दोघं इथे राहायला आला होतात. पानं घ्यायची वेळ झाली आणि सासरे अंगणात कुठे गेले म्हणून तू खिडकीतून डोकावलास, तर ते वाकून गाडीच्या नाकात प्लग खोचत होते. तू संहिताकडे बघितलंस. ती म्हणाली, बाबा गाडीला झोपवताहेत. मग जेवताना तुला त्याचं अख्खं व्याख्यान ऐकावं लागलं. डिझेलला ठिणगी लागत नाही, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटतं, म्हणून लोखंड गारठलेलं असलं की ते पेटायला कुरकुर करतं. तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा दम निघतो. इंजिनात जे पाणी फिरतं त्यात एक लहानशी कांडी बसवायची, आपण पुण्यात अंघोळीच्या बादलीत सोडायचो तसली, आणि निघण्याआधी दोन-तीन तास तिला वीज द्यायची, की सकाळी इंजिन अर्ध्या फेऱ्यात सुरू. टाकीत मात्र हिवाळी डिझेलच हवं, कारण उन्हाळी डिझेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखं गोठतं आणि तिथे ही कांडी काही कामाची नाही. खोबरेलाची बाटली दाखवायला तो न्हाणीघरात जायला निघाला होता, मीच त्याला खाली बसवलं.

तू तेव्हा एक बिनतोड प्रश्न विचारलास. फिनलंडात हे ठीक आहे, बाबा, तिथे म्हणे पार्किंगच्या प्रत्येक जागेपाशी प्लगचा खांब असतो. पण इथे हॉलंडात असली थंडी पडते कधी? इथे कोण लावतं हे? मनोहर हसला आणि त्याने तुला लाल काठाची गोष्ट सांगितली. माझ्या एका विटलेल्या इरकलीचा काठ त्याने फाडून घेतला होता. प्लग लावला की तो काठ स्टिअरिंगला बांधायचा आणि प्लग काढला की सोडायचा, नाहीतर माणूस सकाळच्या घाईत वायरसकट गाडी दामटतो. तू हसलास, संहिता हसली, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. राहून गेलं नाही, त्याने ते टाळलं. मी बघत होते.

मागच्या मार्चमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे, पण एक गोष्ट माहीत नाही. आपल्या ब्राबांट प्रांतात कार्निव्हलच्या गर्दीनंतर कोरोनाची जी लाट आली त्यात आम्ही दोघंही तापाने पडलो. मी उठले, तो उठला नाही. ॲम्ब्युलन्सची माणसं पिवळ्या पोशाखात आली, त्यांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि मला दारातच थांबायला सांगितलं. गाडीशेजारून जाताना त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला ओरडून सांगितलं, म्हणजे ओरडायला त्याच्यात जीव नव्हता, पण प्रयत्न ओरडण्याचा होता. प्लग काढू नकोस. त्या दिवसांत पहाटे कडक थंडी होती, आदल्या रात्रीही पाणी गोठलं होतं. मला वाटलं, तापात बरळतोय. त्यानंतर त्याचा आवाज मी ऐकला नाही. एक भली नर्स टॅबलेट धरून उभी राहायची आणि मी स्वयंपाकघरात बसून यंत्राने चालवलेला त्याचा श्वास ऐकायची. सूं, मग थांबून पुन्हा सूं. मी तिला म्हणायची, बोलू नका काही, फक्त जवळ धरा. एप्रिलमध्ये तो गेला. पुढचं तू पाहिलंस, लांब लांब ठेवलेल्या खुर्च्यांवर आपण मोजकी माणसं आणि पडद्यावर पुण्याचे सगळे.

प्लग मी काढला नाही. काढू नकोस म्हणाला होता म्हणून, दुसरं कारण नाही. शेडमधून निघून गाडीच्या नाकापर्यंत गेलेली ती काळी वायर उन्हाळाभर तशीच पडून होती आणि गवत कापताना मी तिला वळसा घालत होते. वीज काही जात नव्हती त्यातून, असं मी धरून चालले होते, कारण शेडमधलं बटण तो रोज संध्याकाळी स्वतः लावायचा आणि आता लावणारं कुणी नव्हतं. शेजारचा हॅरी अधूनमधून किल्ली मागून घ्यायचा आणि बॅटरी उतरू नये म्हणून गाडी एक चक्कर फिरवून आणायचा, तेवढाच तिचा वापर. गाडीत लाल काठ स्टिअरिंगला बांधलेलाच असायचा. हॅरी चकरेपुरता प्लग काढून काठ सोडतो आणि परत आल्यावर दोन्ही जसंच्या तसं करून ठेवतो, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग जानेवारीत एका सकाळी खिडकीचा पडदा सारला तर हॅरीचं मांजर बॉनेटवर पाय दुमडून बसलेलं. मनोहर असताना ते हिवाळ्यात रोज तिथेच असायचं. सगळ्या रस्त्यावर हिमाची पांढरी साय धरली होती, आपल्या गाडीच्या टपावर होती, काचेवर होती, फक्त बॉनेट काळं आणि ओलं. मी स्वेटरवर काही न घालता तशीच बाहेर गेले आणि हात ठेवला. ताप उतरत आलेल्या माणसाच्या कपाळाइतकं ते गरम होतं. मी वाकून कान लावला. पाणी तापताना आतून बारीक आवाज येतो, हे इतकी वर्षं मी मनोहरकडून ऐकलं होतं, पण मुद्दाम ऐकायला कधी गेले नव्हते. सूं, मग थांबून पुन्हा सूं. अनिमेष, मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. मांजर उठून निघून गेलं तेव्हा भानावर आले.

शेड दहा पावलांवर आहे. मी जाऊन बघितलं नाही. एवढी वर्षं इंजिनियरची बायको म्हणून काढली, कारण शोधलं की सापडतं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि मला ते सापडायला नको होतं. ज्या दिवशी थंडी नसे त्या दिवशी बॉनेट गार. ज्या पहाटे पाणी गोठे त्या सकाळी ते गरम आणि वर मांजर. मी हवामानाच्या बातम्या बघू लागले. बाकीचे लोक सूर्य कधी दिसेल म्हणून बघतात, मी गोठण्याची वाट बघत होते. संध्याकाळी पोळ्या करताना खिडकीकडे तोंड करून मी विचारायची, लावलास का रे? आणि सकाळी उत्तर मिळायचं. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण ती त्याची नव्हती. एखाद्या सकाळी बॉनेट गार लागलं तर काय, याची होती. तू रविवारच्या व्हिडिओ कॉलवर म्हणालास, आई, हल्ली तुम्ही फ्रेश दिसता. ते हे होतं.

मग या महिन्यातल्या त्या रविवारी बर्फाचं वादळ झालं, आगगाड्या बंद पडल्या, टिलबर्ग आणि न्यूनेन एकमेकांपासून पुण्या-मुंबईइतकी लांब झाली. सोमवारी सकाळी गल्लीतल्या सगळ्या मोटारींची गाठोडी झाली होती. आपल्या गाडीच्या टपावर हातभर बर्फ आणि बॉनेट लख्ख. गाडीभोवती छोटी छोटी पावलं उमटली होती. मांजराचीच ती. तरी मी ती मोडू नयेत म्हणून लांबून गेले. कुंपणापलीकडे हॅरी फावड्याने बर्फ ओढत होता. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, बॉनेटकडे बघितलं आणि समाधानाने म्हणाला, काम करतंय की आमचं खोकं! मग त्याने सांगितलं. मनोहर आजारी पडण्याआधीच्या शरद ऋतूत आम्ही तीन महिने पुण्याला जायचा बेत केला होता, आठवतं? माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तो बारगळला. त्या बेतापायी मनोहर आणि हॅरी या दोघांनी शेडमध्ये एक थर्मोस्टॅटचं खोकं बसवलं होतं. पारा शून्याखाली गेला की वीज आपोआप सुरू, वर आला की बंद. घरात माणूस नसलं तरी गाडी गरम राहावी म्हणून. मला सांगितलं नाही, कारण मी वेड्यात काढलं असतं, आणि नक्कीच काढलं असतं. हॅरीने माझा चेहरा बघितला असावा. त्याने विचारलं, काढून टाकू का ते? मी नको म्हटलं.

कारण सापडलं, आणि तरी काही गेलं नाही. त्यानंतरही संध्याकाळी मी शेडमध्ये जायची, खोक्यावरचा लाल दिवा लागलेला बघायची आणि तरीही खिडकीपाशी येऊन विचारायची. तू हसशील. हस, पण पुढचं वाचताना हसू नकोस.

संहिताची ती बर्फाची गोष्ट तुला पाठ असेल. थंडी पडली की ती सांगतेच, तुमच्या लग्नाच्या जेवणात तर माईक हातात घेऊन सांगितली होती. ती साडेतीन वर्षांची असताना इथे वर उत्तरेला फ्रीसलंडमध्ये कालवे गोठून ती अकरा शहरांची प्रचंड स्केटिंग शर्यत झाली, त्यानंतर आजपर्यंत झालेली नाही. त्या दिवशी अख्खा देश टीव्हीसमोर होता. आणि संहिता शेजारच्या कॉरी मावशीकडे, म्हणजे हॅरीच्या बायकोकडे, सोफ्यावर दोघांच्या मधे बसून, डोक्यावर नारिंगी लोकरी टोपी घालून, वाटाण्याचं सूप पीत ती शर्यत बघत होती. दुपारी हॅरीने तिला मागच्या तळ्यावर खुर्ची धरून स्केटिंग शिकवलं. रात्री तिथेच झोपली. ती म्हणते, त्या दिवशी मी डच झाले. तिच्या आठवणीतला सगळ्यात पहिला आणि सगळ्यात आनंदाचा दिवस. ही गोष्ट ती सांगायला लागली की मनोहर ताटाकडे बघायचा आणि मी पाणी आणायला उठायची. कॉरी होती तोपर्यंत तीही गप्प बसायची. आम्ही चौघांनी तो दिवस तिच्यासाठी सांभाळून ठेवला. कॉरी गेली, मनोहर गेला, आता हॅरी आणि मी उरलो आहोत.

तुला कधी प्रश्न पडला नाही ना, की एवढीशी पोर दिवसभर आणि रात्रभर शेजाऱ्यांकडे का होती?

मला तेव्हा नववा महिना होता. आम्हाला इथे येऊन दीड-दोन वर्षं झाली होती, मनोहर ट्रकच्या इंजिनांच्या चाचण्या घ्यायचा, ही गाडी नुकतीच जुनी म्हणून घेतली होती आणि तो तिच्यावर फार खूश होता. आदल्या संध्याकाळपासून पोटात हालचाल नव्हती. मला वाटलं झोपलं असेल. सकाळी कळा सुरू झाल्या, पण संहिताच्या वेळेसारख्या नव्हत्या, काहीतरी बिनसलेलं होतं आणि ते मला कळत होतं. सुईणीला फोन केला. ती म्हणाली, तडक हॉस्पिटलला या, ॲम्ब्युलन्स पाठवू का? मनोहर म्हणाला, नको, गाडी आहे आमच्याकडे. बाहेर पूर्वेचा असा वारा सुटला होता की श्वास घेताना दात दुखत. मी मागच्या सीटवर बसले, संहिता माझ्याजवळ. त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं. पुन्हा फिरवली. तो थांबायचा, इंजिनातले ग्लो प्लग, म्हणजे तापणाऱ्या सळया, तापू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. डिझेलचा माणूस तो, त्याला खात्री होती की पुढच्या खेपेला ती घेणार. दर खेपेला आवाज खाली खाली जात गेला आणि मग नुसती टिकटिक उरली.

शेजारी हॅरीच्या खिडकीत टीव्हीचा निळा उजेड दिसत होता. त्याच्या दारात चांगली पेट्रोलची गाडी उभी होती. मी म्हटलं, जाऊन सांग ना त्यांना. मनोहर दारापर्यंत गेला, घंटेकडे हात नेला आणि परत आला. आम्हाला सगळ्यांनी शिकवून ठेवलं होतं, इथे न कळवता कुणाचं दार वाजवायचं नाही, वेळ ठरवून जायचं, चहालासुद्धा. आणि आज तर त्यांचा सण, ज्याची म्हणे वर्षानुवर्षं वाट बघतात. तो म्हणाला, एकदा आणखी बघतो. मग आत बसला आणि किल्ली फिरवत राहिला. शेवटी हॅरीच बाहेर आला, नारिंगी टोपी घालून. शर्यतीच्या मधे सिगारेट ओढायला आला होता. माझ्याकडे बघून त्याने सिगारेट टाकली, संहिताला उचलून कॉरीकडे दिलं आणि आम्हाला त्याच्या गाडीत घातलं. त्याची टोपी त्याने जाता जाता तिच्या डोक्यावर घातली होती. संहिताच्या गोष्टीतली टोपी ती हीच.

मुलगा होता, अनिमेष. डोक्यावर भरपूर काळे केस होते. नर्सने विचारलं, घ्यायचं आहे का जवळ, फोटो काढायचा का. आपल्यात असं कुणी करत नाही, मी भिंतीकडे तोंड केलं. मनोहरने घेतलं. मी पाठ करून पडले होते, मला फक्त ऐकू येत होतं. तो त्याचे पाय चोळत होता. किती गार पडलेत गं, असं म्हणत तो ते चोळत बसला, आणि बराच वेळ त्याला कुणी थांबवलं नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्वच्छ सांगितलं की बाळाचं हृदय आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली असती तरी काही वेगळं झालं नसतं. मी ते ऐकलं आणि मला, खोटं कशाला सांगू, थोडा आधार वाटला. मनोहरनेही ऐकलं. पुढे मी ते त्याला किती वेळा सांगितलं असेल. तो म्हणायचा, हो, माहीत आहे मला. आणि बाहेर जाऊन प्लग लावायचा. ती कांडी त्याने त्याच वसंतात फिनलंडहून चाचणीला आलेल्या एका ड्रायव्हरकडून मागवून घेतली. गाडी विकायला तो कधी तयार झाला नाही. म्हणायचा, तिचा काय दोष? संहिताने काही दिवस बाळाबद्दल विचारलं, मग ती विसरली आणि आम्ही तिला विसरू दिलं. त्याला नाव ठेवलेलं नाही. आज तो चोवीस वर्षांचा घोडा असता, त्याचे बूट मनोहरपेक्षा मोठे असते. त्या दिवशी बर्फातली मांजराची पावलं बघून मी वळसा घालून गेले, हे मला नंतर घरात येऊन जाणवलं आणि मग मी खूप रडले. मांजराला काय कळतंय!

हॅरी त्या सकाळी घरी परतण्याआधी हॉस्पिटलच्या बाकावर मनोहरला एकच गोष्ट म्हणाला होता, आणि नंतर इतक्या वर्षांत पुन्हा कधी म्हणाला नाही. तो म्हणाला, अरे, मागचं दार उघडंच होतं. ब्राबांटमध्ये शेजारी पुढून घंटा वाजवत नाहीत, मागून येतात. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, आम्ही सोडून. डॉक्टरांचं म्हणणं मनोहरला कधी पटलं नाही, पण हे पटलं. तेव्हापासून आपल्या घराचं मागचं दार दिवसा कधी बंद नसतं.

आता माझी बातमी. हॅरी मला ती गाडी चालवायला शिकवतो आहे. लायसन्स माझ्याकडे होतंच, फक्त हा रणगाडा मी कधी हातात धरला नव्हता. दोघांना मास्क, चारही काचा उघड्या, बाहेर उणे आठ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा माझ्या शेजारी ब्लँकेट गुंडाळून बसतो आणि मी चुकीचा गिअर टाकला की ब्राबांटी शिव्या घालतो. पहिल्या दिवशी मी लाल काठ सोडला, प्लग काढला, वायर गुंडाळली, आत बसले. मला तो जुना आवाज आठवत होता, खाली खाली जाणारा. किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच सुरू झालं, झोपेतून उठवलेल्या माणसाने लगेच ओ द्यावी तसं. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. हॅरी खिडकीबाहेर बघत राहिला. काल मी टिलबर्गच्या वाटेवर अर्ध्यापर्यंत जाऊन परत आले. तुमच्या दारापर्यंतही आले असते, पण संहिताने बघितलं असतं तर डचमध्ये ऐकून घ्यावं लागलं असतं.

तर हे पत्र का, ते सांगून संपवते. संहिताला यातलं अक्षर सांगू नकोस. दिवस भरत आलेल्या मुलीच्या कानावर हे जाता कामा नये, आणि तो नारिंगी टोपीचा दिवस तिचा आहे, तो तिच्याकडेच राहू दे. पुढे कधी सांगायचं का, ते बाळ मांडीवर आल्यावर आपण दोघं ठरवू. तुम्ही घरीच बाळंतपण करणार, सुईण चांगली आहे, ॲम्ब्युलन्स पाच मिनिटांवर आहे, मला तुम्ही जपण्यासाठी लांब ठेवलं आहे, सगळं मला कळतं. माहेरपणाचा हट्ट मी करणार नाही. सगळं व्यवस्थितच होईल. पण तू मला फोन करण्याआधी नेहमी मेसेज टाकतोस, आई, फ्री आहात का, कॉल करू का? इतका सभ्य जावई मला मिळाला याचा मला अभिमान आहे, आणि अलीकडे त्याचीच मला झोप उडवणारी धास्ती वाटते, कारण मी एक सभ्य माणूस दाराच्या घंटेपर्यंत हात नेऊन परत आलेला पाहिला आहे. संहिता कण्हली, तुला नुसती शंका आली, एकट्याला धीर धरवेना, काहीही झालं, कुठल्याही वेळी, तर मला विचारू नकोस. नुसता फोन लाव. संचारबंदीत अशा कामाला जाता येतं, हॅरीने चौकशी केली आहे. मी पायऱ्यांवर बसेन, खाली गाडीत बसेन, तू म्हणशील तिथे बसेन. थंडी असो वा नसो, आता रोज संध्याकाळी मी ते खोकं बंद करून प्लग हाताने लावते आणि काठ बांधते. तुझी पहिली रिंग वाजली की तो सोडेन.

तुझीच,
आई
(जयंती)